ओदेलूच्या मागची पावलं

ओदेलू कोपऱ्यावरच्या दुकानातून काडेपेटी आणायलाही स्कूटरवर जायचा. दुकान त्याच्या दारापासून मोजून साठ पावलांवर. ती म्हातारी स्कूटर किका मारून मारून सुरू व्हायची, तेवढ्यात एखादा लंगडा माणूस दोनदा जाऊन आला असता. नल्लगुट्ट्यात, आमच्या खाणकामगारांच्या वसाहतीत, सगळे त्याला ‘स्कूटर ओदेलू’ म्हणायचे आणि हसायचे. मला हसू यायचं नाही. सात नंबर खाणीच्या दिवाखोलीत मी एकतीस वर्षं काढली. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला डोक्यावरचा दिवा मी दिला आणि वर आल्यावर मीच परत घेऊन त्याच्या खुंटीला लावला. कुणाचा दिवा परत आला नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

खाणीत ओदेलू टिंबरवाला होता. कोळसा काढून पोकळ झालेल्या जागी छताला लाकडाचे टेकू द्यायचे, हे त्याचं काम. आमची खाण उतरणीची. वरखाली नेणारा पाळणा नाही, काही नाही, पायीच उतरायचं आणि पायीच चढायचं. ओदेलूला तर कोळसा फोडायच्या एका जागेवरून दुसऱ्या जागेवर फिरावं लागायचं, त्यामुळे दिवसाला सात-आठ मैल सहज व्हायचे. सोडून दिलेल्या जुन्या वाटासुद्धा त्याच्या पायांना पाठ होत्या. माणूस काटक, काळा, हसरा. दिवा परत देताना रोज म्हणायचा, “मल्लन्ना, आज पण आलो बघ. तुझी एक खुंटी भरली.”

सत्त्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये, पहिल्या पाळीत, सकाळी साडेदहाच्या सुमाराला शेजारच्या बंद पडलेल्या खाणीत साठलेलं पाणी मधली भिंत फोडून सात नंबरात घुसलं.

“आधी पाणी नाही आलं,” ओदेलू सांगायचा. “आधी वारा आला. थंडगार. आम्हाला बरंच वाटलं.”

त्याच्याबरोबर तिघं होते. पोशम, राजेशम आणि सायलू. पोशम तर त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. उतरणीची मुख्य वाट बघता बघता भरली. ओदेलूला हवेची जुनी वाट माहीत होती. ती चढत चढत दोन मैलांवर टेकडीपलीकडच्या जुन्या तोंडाशी बाहेर निघायची. तो म्हणाला, “माझ्या मागं या. एकामागं एक. थांबायचं नाही, मागं बघायचं नाही.”

आणि तो चालू लागला. पाणी गुडघ्याला, मग मांडीला, मग पुन्हा गुडघ्याला. दिव्याच्या उजेडात पुढची चार हात वाट. मागं पाण्यातून येणारे गमबूट. दीड तास तो चालला आणि दीड तास त्यानं ते गमबूट ऐकले. पुढं पाणी संपलं, कोरडी वाट लागली, तिथंही ऐकले.

बाहेर आला तेव्हा डोक्यावर बाराचं ऊन होतं. बाभळीखाली एक म्हातारी शेळ्या राखत होती. ओदेलू खाली बसला आणि म्हणाला, “सुटलो रे पोशम!” मग मागं वळून बघितलं.

म्हातारीनं त्याला पाणी दिलं. “कितीजण आहात रे बाबा?” तिनं विचारलं.

“चौघं,” ओदेलू म्हणाला.

संध्याकाळी माझ्यासमोर तीन खुंट्या रिकाम्या होत्या. अकराव्या दिवशी पाणी उपसून झाल्यावर बचाव पथकातल्या माणसांनी ते तीन दिवे आणून दिले. कुठला दिवा कुठं सापडला ते त्यांनी सांगितलं आणि मी नियमाप्रमाणे वहीत लिहून घेतलं. तोवर ओदेलू तापानं फणफणत दवाखान्यात पडला होता. पोशमची बायको कनकव्वा त्याला भेटायला गेली, तेव्हा त्यानं तिचे हात धरून सांगितलं, “वदिना, वहिनी, शेवटपर्यंत माझ्या मागं होते गं. जुन्या तोंडापर्यंत. मी पावलं ऐकली.” ती बाई मग वर्षभर दर अमावस्येला त्या जुन्या तोंडाशी जाऊन पणती लावत होती.

वहीत काय लिहिलंय ते ओदेलूनं मला कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

त्याला वरचं काम मिळालं, पंपघरात. बसून राहायचं. त्याच महिन्यात त्यानं ती जुनी स्कूटर घेतली आणि तिथून पुढं सोळा वर्षं तो चाललाच नाही. का, ते त्याच्या बायकोनं, राजव्वानं, मला एकदा सांगितलं. “म्हणतो, पायानं चाललो की मागून येतात. स्कूटरच्या आवाजात ऐकू येत नाही.”

साठाव्या वर्षी तो निवृत्त झाला. तोपर्यंत त्याचं पोट मडक्यासारखं झालं होतं आणि झोप उडाली होती. आडवा व्हायचाच नाही. डोक्यावर बल्ब जळत ठेवून खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा. एक दिवस बाजारातून आला आणि राजव्वा म्हणाली, “एक चप्पल कुठाय?” त्यानं खाली बघितलं. स्कूटरवरून येताना चप्पल कधी गळून पडली ते त्याला कळलंच नव्हतं. पायच बधीर झाला होता.

राजव्वा त्याला ओढत डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. श्रवंती त्यांचं नाव. वयानं लहान, पण धाकात ठेवणाऱ्या. उपाशीपोटीची साखर दोनशे शहाऐंशी निघाली. रक्तदाबही चढलेला. त्यांनी ओदेलूच्या तळव्याला टोकदार काहीतरी टोचून बघितलं आणि सहा जागी त्याला काहीच कळलं नाही.

“गोळ्या देते,” त्या म्हणाल्या. “पायात रोज नीट बूट घालायचे, रात्री तळवे तपासायचे. आणि रोज चाळीस मिनिटं चालायचं.”

“चालणं सोडून काहीही सांगा मॅडम. कडुलिंब खातो. भात सोडतो. सुया टोचून घेतो.”

“भात कमी करायचाच आहे. सुयाही लागतील, नाही चाललात तर. मग एक दिवस बोटं कापावी लागतील, म्हणजे चालायचा प्रश्नच मिटेल.”

राजव्वानं त्या दिवशी दोन गोष्टी केल्या. स्कूटर तिनं मंथनी गावच्या आपल्या भावाला देऊन टाकली, आणि माझ्या दारात येऊन उभी राहिली. “मल्लन्ना, उद्यापासून याच्याबरोबर चालायचं. तुझी ढेरी काय कमी आहे?”

पहिल्या दिवशी आम्ही पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं ठरवलं. उजाडत होतं. कोळशाच्या गाड्या रुळावर उभ्या, पलीकडे मातीचे ढिगारे डोंगरासारखे, रस्ता मोकळा. शंभरेक पावलं झाली आणि ओदेलूची मान ताठ झाली.

“ऐकलंस?”

“काय?”

“तिघं आहेत.”

मी मागं वळून बघितलं. “कुत्रं आहे रे.”

“कुत्र्याला गमबूट कुठून आले?” तो म्हणाला, आणि इतक्या जोरात चालायला लागला की टाकीपाशी पोचेपर्यंत त्याला धाप लागली. कठड्याला धरून उभा राहिला. अंग घामानं भिजलेलं. मागं मात्र त्यानं बघितलं नाही. मान वळवायचीच नाही असं जणू मानेलाच सांगून ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कानात कापूस घातला. म्हणाला, आणखी जवळून येतात. सहाव्या दिवशी आलाच नाही. सातव्या दिवशी राजव्वानं त्याला दाराबाहेर काढून आतून कडी लावली आणि आतूनच ओरडली, “टाकीला हात लावून आल्याशिवाय जोंधळ्याची रोट्टे नाही!” गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. ओदेलू माझ्याकडे बघून म्हणाला, “पुढं मरण, मागं हे तिघं, आणि घरात ही. चल बाबा.”

मग तो रोज यायला लागला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की बोलता येईल इतक्याच वेगानं चाला, म्हणून मी त्याला बोलतं ठेवायचो. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या बैलाचं, काहीही. बोलता बोलता तो मध्येच गप्प व्हायचा आणि मला कळायचं. पंधरा दिवसांनी आम्ही टाकी ओलांडली. महिन्यानं पोचम्माच्या देवळापर्यंत गेलो. दसऱ्याच्या आधी, बायका बतुकम्माच्या सणासाठी तंगेडूची पिवळी फुलं तोडायला बाहेर पडतात त्या दिवसांत, आम्ही कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन येत होतो. जाऊन येऊन चार किलोमीटर.

शरीर त्याचं आधी ऐकायला लागलं. पट्टा दोन भोकं आत गेला. जिना चढताना छातीवर हात ठेवायचा बंद झाला. तळव्यांच्या मुंग्या गेल्या नाहीत, पण बुटात खडा गेला तर कळायला लागला, आणि त्या खड्याचं त्याला एवढं कौतुक की काढून मला दाखवला. एका दुपारी राजव्वा माझ्याकडे पळत आली. मला वाटलं काही झालं. “अन्ना, तो आडवा झोपलाय,” ती म्हणाली. “घोरतोय. मी बल्ब बंद केला तरी उठला नाही.” आणि रडायला लागली.

साखर एकशे बावन्नवर आली. “काय जादू केलीत?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“तिघं मागं लागलेत,” ओदेलू म्हणाला.

त्यांना वाटलं, चालणाऱ्यांची टोळी जमली असेल. “छान. सोबत असली की चालणं होतं.”

बाहेर आल्यावर ओदेलू कितीतरी वेळ हसत होता. मग हसू थांबलं. म्हणाला, “मल्लन्ना, एक सांगू? आता पाण्याचा आवाज नसतो. कोरड्या वाटेवरून येतात.” मी विचारलं, मग बरं वाटतं का? म्हणाला, “बरं कसलं वाटायचंय. पण पळावंसं नाही वाटत.”

डिसेंबरात मला ताप आला आणि तो एकटाच निघाला. त्या सकाळी काय झालं ते नंतर त्यानंही सांगितलं आणि कनकव्वानंही. दोघांचं सांगणं एकच आहे.

कालव्यावर दाट धुकं होतं. मागं नेहमीची पावलं होतीच, पण टाकीपासून पुढं त्याला चौथी ऐकू यायला लागली. गमबूट नव्हे. फटक-फटक वाजणारी चप्पल. तो थांबला तर चप्पलही थांबली. पुन्हा चालला, पुन्हा सुरू. पुलावर तो पुन्हा थांबला. सोळा वर्षांत न वळलेली मान त्यानं वळवली.

दहा हातांवर कनकव्वा उभी होती, डोक्यावरून घोंगडी घेतलेली. पोशम गेल्यावर कंपनीनं तिला कँटीनमध्ये कामाला घेतलं होतं. आता तीही निवृत्त झाली होती.

“वदिना, तू?”

“मीच. दोन महिने झाले तुमच्या मागं चालतेय. डॉक्टरीणबाईनं गुडघ्यांसाठी सांगितलंय.”

“मग हाक का नाही मारलीस?”

“हाक मारली असती तर थांबला असतास?”

ओदेलू पुलाच्या कठड्यावर बसला. म्हणाला, “त्या दिवशी मी मागं बघितलं नाही, वदिना.”

“माहीत आहे मला.”

“ते माझ्या मागं होते...”

“नव्हते.” कनकव्वा तशीच उभी राहून बोलली. “बचाव पथकात आमच्या गावचा एकजण होता. वर्षानं त्यानं सांगितलं. पहिल्याच वळणावर छताचं लाकूड खाली आलं आणि यांचा पाय अडकला. राजेशमनं आपला पंचा यांच्या मांडीला बांधला होता. सायलूच्या हातात पहार होती, लाकूड उचलायला. तिघं एकाच जागी सापडले. तुझ्या मागं दोनशे पावलंसुद्धा कुणी आलं नाही, ओदेलन्ना.”

“मी पावलं ऐकली.”

“ऐकली असशील.”

“मग ती कुणाची होती?”

“मला काय माहीत? मी त्या रिकाम्या तोंडाशी वर्षभर पणत्या लावल्या, तू सांगितलंस म्हणून. कळल्यावर भांडायला आले होते तुझ्या घरी. दोनदा. दोन्ही वेळा खिडकीतून बघितलं, तू खुर्चीत बसलेला, डोक्यावर बल्ब, डोळे टक्क उघडे. काय भांडायचं? परत गेले.”

धुक्यात कालव्याचं पाणी दिसत नव्हतं, नुसतं वाहताना ऐकू येत होतं. ओदेलूनं विचारलं, “त्यांनी मला हाक मारली असेल का गं?”

“मारली असेल. यांचा आवाज काय लहान होता?”

“मागं बघितलं असतं तर...”

“तर तुम्ही चौघं मेला असतात. नाहीतर चौघं आला असतात. ते मला विचारू नकोस. मी तुला माफही करत नाही आणि शापही देत नाही, माझ्याकडे दोन्हीतलं काही उरलेलं नाही. ऊठ आता. उभी राहिले की माझे गुडघे धरतात.”

तो उठला. “तू पुढं हो,” म्हणाला.

“मी पुढं? पोचम्माच्या देवळापाशी कुत्री आहेत. शेजारून चल.”

घरी न जाता तो तडक माझ्याकडे आला. मी पांघरुणात होतो. दारातूनच म्हणाला, “तुला माहीत होतं.”

“होतं.”

“वहीत लिहिलंस?”

“हो. तिन्ही दिवे, पहिलं वळण.”

“सोळा वर्षं माझ्याबरोबर चहा पीत होतास.” एवढं बोलून तो गेला.

नंतर एकोणीस दिवस तो माझ्याशी बोलला नाही. माझा ताप उतरला, मी सकाळी ओट्यावर बसायचो, आणि तो आणि कनकव्वा माझ्या दारावरून जायचे. मान न वळवता. तेव्हा मला कळलं की मागून येणाऱ्या पावलांपेक्षा समोरून निघून जाणारी पावलं काही कमी छळत नाहीत. मी गप्प राहिलो ते त्याची दया येऊन, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. खरं म्हणजे मला भीती वाटली होती. ती वही पुन्हा उघडायची भीती.

विसाव्या दिवशी फाटकावर काठी वाजली. “येतोस का,” ओदेलू ओरडला, “की दिव्याखाली बसून आणखी काही लिहायचंय?”

मी चप्पल घालून धावलो.

फेब्रुवारीत त्यानं जुन्या तोंडाशी जायचं काढलं. साडेपाच किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे. सहा महिन्यांपूर्वी टाकीशी धापा टाकणारा माणूस! डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या सावकाश जा, जवळ गूळ ठेवा. राजव्वा रिक्षानं पुढं गेली, रोट्टे आणि टोमॅटोची चटणी घेऊन. ओदेलू, कनकव्वा आणि मी चालत.

तोंड आता विटांनी बंद केलेलं आहे. भोवती बाभळीच बाभळी. म्हातारी आणि तिच्या शेळ्या कधीच गेलेल्या. ओदेलू भिंतीसमोर उभा राहिला. मला वाटलं रडेल. त्यानं तोंडाशी हात धरले आणि एकेक नाव घेऊन हाक मारली. पोशम. राजेशम. सायलू. खाणीत मारतात तशी, लांबवून. हाक मारायची आणि थांबायचं, खालून कुणी ओ देतंय का बघायला. ती थांबण्याची वेळ मला सोसली नाही. मी विटांवरच्या मुंग्या बघत राहिलो. कनकव्वानं भिंतीच्या पायथ्याशी गुळाचा खडा ठेवला, पण पणती लावली नाही.

परत निघताना ओदेलू म्हणाला, “तुम्ही पुढं व्हा. मी मागून येतो.” तेव्हापासून तो मागूनच चालतो.

“आता येतात का ते?” मी त्याला मध्ये एकदा विचारलं.

“येतात की.”

“भीती?”

“चालताना नाही वाटत. बसलो की वाटते. म्हणून तर पावसातसुद्धा निघतो.”

या गोष्टीला बारा वर्षं झाली. ओदेलू बहात्तर वर्षांचा आहे. पायाची दहाही बोटं शाबूत आहेत, गोळ्या निम्म्या झाल्यात. वसाहतीतली आणखी नऊ माणसं आमच्याबरोबर चालतात, सगळी साखरेची नाहीतर रक्तदाबाची. त्यांतल्या कुणाला सात नंबर आठवत नाही.

गेल्या महिन्यात कनकव्वा करीमनगरला मुलीकडे कायमची राहायला गेली. बसथांबा तीन किलोमीटरवर. मुलीनं गाडी पाठवते म्हटलं होतं. कनकव्वा म्हणाली, गाडी कशाला, माझे गुडघे चांगले आहेत. ओदेलूनं तिची पिशवी खांद्याला लावली, आम्ही तिला पोचवायला गेलो. बसच्या पायरीवर चढून ती म्हणाली, “ओदेलन्ना, चालणं सोडू नकोस. ते तिकडं पाय अडकून बसलेत, तू तरी चाल.” बस सुटली.

येताना पुलापर्यंत ओदेलू माझ्या शेजारून आला. तिथं त्यानं नेहमीसारखं मला पुढं घातलं आणि माझ्या मागं चालू लागला. त्याच्या बुटांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. त्याच्याही मागं आणखी काही होतं का, ते मी कान देऊन ऐकलं नाही. घर येईपर्यंत पाय उचलत राहिलो.